गार्डनसाहेबांचं झुडूप

अनंताचं फूल माहीत नाही असा मराठी माणूस विरळाच. अंगणाच्या कोपऱ्यात गडद हिरव्या, चकचकीत पानांचं झाड, त्यावर पांढरीशुभ्र फुलं, आणि दुसऱ्या दिवशी ती पिवळी पडली तरी वास काही हटत नाही. याचं शास्त्रीय नाव गार्डेनिया. गार्डेनिया म्हणजे गार्डनमधली, बागेतली, असं कुणालाही वाटेल. पण हा गार्डन म्हणजे बाग नव्हे, चांगला हाडामांसाचा माणूस आहे. डॉ. अलेक्झांडर गार्डन. स्कॉटलंडमध्ये १७३० साली जन्मला, ॲबर्डीन आणि एडिंबरामध्ये शिकला, आणि १७५२ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात जाऊन डॉक्टरकी करू लागला. गाव चार्ल्सटन, तेव्हाचं चार्ल्स टाउन.

आता गंमत बघा. अनंताशी या डॉक्टरचा काडीचाही संबंध नव्हता. अनंत मूळचा चीनकडचा. उलट जे झुडूप त्याच्या भागातल्या दलदलीत खरोखर उगवत होतं, ज्याचे नमुने त्याने लिनियसला स्वीडनला पाठवले, त्याला नाव मिळालं भलत्याच डॉक्टरचं. त्या डॉक्टरने आयुष्यात कधी अमेरिकेत पाऊलही ठेवलं नव्हतं.

त्या झुडपाचं नाव फॉदरगिला. आजचा लेख त्याच्यावर आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया, न्यू जर्सी या पट्ट्यात राहिलेल्या मंडळींनी ते नक्की पाहिलं असणार. ऑफिसच्या इमारतीच्या कडेने, पार्किंगच्या बाजूला, लायब्ररीच्या दारात हमखास लावलेलं असतं. नाव माहीत नसेल इतकंच.

एप्रिलमध्ये, पानं फुटायच्या आधी किंवा फुटता फुटता, याच्या उघड्या फांद्यांच्या टोकांना बाटल्या धुवायच्या ब्रशसारखे पांढरे तुरे येतात. जवळ जाऊन पाहिलं तर पाकळ्याच नाहीत! जे पांढरं दिसतं ते सगळे पुंकेसर. त्यांचे दांडे वरच्या बाजूला जाडसर आणि पांढरे असतात, त्यामुळे लांबून पूर्ण फूल असल्यासारखं वाटतं. वास मधासारखा. मग उन्हाळाभर हे झुडूप अगदी साधं, हिरवं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अचानक पेटतं. पिवळा, नारिंगी, शेंदरी, किरमिजी, सगळे रंग एकाच झुडपावर, पुष्कळदा एकाच पानावर. आपल्याकडे देशी बदामाचं पान गळायच्या आधी जसं लाल होतं ना, तसं. फक्त इथे आख्खं झुडूपच तसं होतं.

वर्षातून दोनदा शोभा देणारं आणि मधले महिने काही न मागणारं झुडूप म्हणजे बागवाल्यांच्या दृष्टीने लॉटरी. पण अशी झुडपं लावावीत, पानगळीचा रंग बघण्यासाठी बागेत मुद्दाम जागा राखावी, ही कल्पना अठराव्या शतकाच्या आधी इंग्लंडात फारशी नव्हती. त्यांच्या देशी झाडांमध्ये पिवळा आणि तपकिरी पुष्कळ, पण भडक लाल बेताचाच. तो लाल रंग अमेरिकेतून आला. खोक्यांत भरून.

ही खोकी भरणारा माणूस म्हणजे जॉन बार्ट्रम. जन्म १६९९. फिलाडेल्फियाजवळ स्कूलकिल नदीकाठी शेती करणारा क्वेकर पंथाचा शेतकरी. शिक्षण जेमतेम, लॅटिन स्वतःच्या हिमतीवर थोडंफार शिकलेला. १७२८ मध्ये त्याने नदीकाठची जमीन घेतली आणि तिथे बाग उभी केली. ती बाग आजही आहे, फिलाडेल्फियाला जाणं झालं तर बघता येते. आणि खोकी उतरवून घेणारा माणूस म्हणजे लंडनचा पीटर कॉलिन्सन. हाही क्वेकर, धंदा कापडाचा, वेड झाडांचं. १७३०च्या दशकात दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि १७६८ साली कॉलिन्सन मरेपर्यंत चालला. तीस वर्षांहून जास्त काळ दोघांनी मिळून एक धंदा चालवला, आणि त्या सगळ्या काळात ते एकमेकांना एकदाही भेटले नाहीत! 'रिमोट टीम' हा शब्द निघायच्या पावणेतीनशे वर्षं आधी. एका ईमेलला दोन तास उत्तर आलं नाही की आपण फॉलो-अप टाकतो. इथे पत्र जायला दीड-दोन महिने, उत्तर यायला तेवढेच, आणि मध्ये युद्ध चालू असेल तर फ्रेंच किंवा स्पॅनिश जहाजांनी पत्रासकट जहाजच पळवायचं.

धंद्याची पद्धत साधी होती. एका खोक्यात शंभराच्या आसपास जातींचं बी, किंमत ५ गिनी. कॉलिन्सन लंडनमध्ये गिऱ्हाइकं शोधायचा: उमराव, सरदार, नर्सरीवाले. बार्ट्रम वर्षभर शेती सांभाळून पीक हातात आलं की घोड्यावरून जंगलात निघायचा, कारण बी पिकतं तेही त्याच सुमाराला. मॅग्नोलिया, कॅल्मिया, ऱ्होडोडेंड्रॉन, मेपल... इंग्लंडातल्या मोठमोठ्या इस्टेटींवरची अमेरिकन झाडं त्या काळात प्रामुख्याने याच मार्गाने गेली. जहाजावर उंदीर होते, खारं पाणी होतं, आणि बिया कुजवणारी दमट हवा होती. जॉन एलिस नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने पुढे १७७० मध्ये बिया आणि रोपं समुद्रावरून जिवंत कशी आणावीत यावर एक पुस्तिकाच काढली. आजच्या भाषेत डॉक्युमेंटेशन.

या दोघांची पत्रं वाचायला मजा येते. कॉलिन्सन एकीकडे बार्ट्रमला जपतो, दुसरीकडे त्याला शहाणपणही शिकवतो. बार्ट्रम व्हर्जिनियाच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा कॉलिन्सनने त्याला चांगले कपडे करून घ्यायला सांगितलं. तिथले लोक माणसाच्या आतलं कमी आणि बाहेरचं जास्त बघतात, असं कारण दिलं. क्लायंट व्हिजिटच्या आदल्या दिवशी मॅनेजर जे सांगतो तेच! आणि बार्ट्रमही गप्प बसणारा नव्हता. कॉलिन्सनने पाठवलेली एक टोपी भोकं पडलेली निघाली, तर त्याने ते स्पष्ट लिहून कळवलं. आपल्या कष्टांच्या मानाने पैसे कमी मिळतात ही तक्रारही तो करायचा. मला विचाराल तर ती अगदी रास्त होती. अखेर १७६५ मध्ये राजे तिसरे जॉर्ज यांनी त्याला राजाचा वनस्पतितज्ज्ञ नेमलं, पगार वर्षाला ५० पौंड. तोपर्यंत बार्ट्रम पासष्टी पार करून गेला होता. त्या वयात तो मुलाला, विल्यमला, बरोबर घेऊन कॅरोलिना, जॉर्जिया, फ्लोरिडा फिरून आला.

थोडं विषयांतर, पण आपल्या लोकांना आवडेल असं. हाच कॉलिन्सन फिलाडेल्फियाच्या एका वाचनालयाचा लंडनमधला बिनपगारी एजंट होता. पुस्तकांबरोबर १७४०च्या दशकात त्याने तिथे काचेची एक नळी पाठवली. घासली की तिच्यात वीज निर्माण व्हायची. ती नळी बेंजामिन फ्रँकलिनच्या हाती लागली आणि पुढचं आपण शाळेत शिकलो. फ्रँकलिनची विजेवरची पत्रं १७५१ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली, ती कॉलिन्सनमुळे. त्या पुस्तकाला प्रस्तावना कोणाची? डॉ. जॉन फॉदरगिल यांची.

तर हा आपला फॉदरगिल. यॉर्कशायरचा, जन्म १७१२, क्वेकर आणि लंडनचा अत्यंत यशस्वी डॉक्टर. घशाला चट्टे पडून मुलं दगावण्याची जी साथ तेव्हा होती, तिच्यावर त्याने १७४८ मध्ये लिहिलेली पुस्तिका गाजली. प्रॅक्टिस इतकी की बाग बघायला वेळ नाही. पण पैसा होता, आणि बागेचं वेड कॉलिन्सनने लावलेलं होतं. १७६२ मध्ये त्याने लंडनच्या पूर्वेला अप्टन इथे जागा घेतली आणि तिथे इंग्लंडातल्या सर्वांत मोठ्या खाजगी वनस्पतिसंग्रहांपैकी एक उभा केला. काचेच्या उबदार घरांत उष्ण देशांतली झाडं, बाहेर अमेरिकेतली झुडपं. रोग्यांच्या गर्दीमुळे दिवसा जमायचं नाही म्हणून तो रात्री कंदील घेऊन आपली झाडं बघायला यायचा असं सांगतात. शनिवार-रविवारी स्वतःचा प्रोजेक्ट करणाऱ्यांना हे पटेल. ती जागा आज वेस्ट हॅम पार्क म्हणून लंडनमध्ये सगळ्यांना खुली आहे.

आता पुन्हा चार्ल्सटनला जाऊ. गार्डनला तिथे करमत नव्हतं. गाव श्रीमंत होतं, पण त्या श्रीमंतीचा पाया भात, नीळ आणि ती पिकवणारे आफ्रिकन गुलाम. बंदरात येणारी गुलामांची जहाजं तपासायचं कामही गार्डनकडे यायचं. त्या जहाजांवरची घाण, दुर्गंधी आणि वाटेत मेलेली माणसं यांबद्दल त्याने पत्रात लिहून ठेवलंय. वाचून अंगावर काटा येतो. असं लिहिणाऱ्या माणसाने पुढे स्वतः मळा घेतला, आणि त्याच्या मालकीचेही गुलाम होते. अठराव्या शतकातल्या विज्ञानाच्या गोष्टी वाचताना हे बाजूला ठेवता येत नाही. ज्या फुरसतीत तो झाडं तपासत होता, ती फुरसत कुणाच्या तरी राबण्यातून आलेली होती.

विज्ञानात रस असलेला माणूस त्या गावात औषधालाही सापडत नाही, अशी त्याची कायमची कुरकुर. म्हणून १७५४ मध्ये तो उत्तरेकडे गेला, न्यूयॉर्कजवळ कॅडवॉलडर कोल्डन या विद्वानाच्या घरी. तिथे त्याला दोन माणसं भेटली. एक जॉन बार्ट्रम. दुसरी कोल्डनची मुलगी जेन, जिला अमेरिकेतली पहिली स्त्री वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. तिथून परतला तो झपाटूनच. पुढच्या वीस वर्षांत त्याने एलिसला आणि लिनियसला काय काय पाठवलं! मासे, साप, किडे, झाडं. दलदलीत राहणारा, दोनच पाय आणि बाहेरून दिसणारे कल्ले असलेला एक विचित्र प्राणी पाठवला, तर तो कुठल्याच खान्यात बसेना, म्हणून लिनियसला त्याच्यासाठी नवा गणच करावा लागला. वीज सोडणाऱ्या ईल माशावर त्याने लिहिलेलं टिपण १७७५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

या सगळ्याच्या बदल्यात त्याला हवं होतं काय? एका झाडाला नाव. हसू नका. आपण गिटहबवर कमिटपुढे आपलंच नाव लागलंय ना हे बघतो, त्यातलाच प्रकार. त्या काळी लिनियसने एखाद्या प्रजातीला तुमचं नाव दिलं म्हणजे तुम्ही कायमचे नोंदले गेलात. तसं ते खरंही आहे, नाहीतर मी आज हे कशाला लिहीत बसलो असतो?

पहिला प्रयत्न जेन कोल्डनचा. तिने एका झाडाला गार्डेनिया नाव सुचवलं, पण ते झाड आधीच माहीत असलेल्या हायपेरिकमच्या कुळीतलं निघालं. मग एलिसने कॅरोलिनातल्याच एका सुवासिक झुडपासाठी हेच नाव पुढे केलं. त्याला लिनियसने कॅलिकँथस असं वेगळंच नाव दिलं. तिसऱ्या वेळेस एलिसने हट्ट धरला. लंडनजवळ वुडफर्डला रिचर्ड वॉर्नर नावाच्या गृहस्थाकडे काचघरात एक सुंदर झाड फुललं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाच्या कप्तानाने ते केप ऑफ गुड होपहून आणलेलं, म्हणून त्याला केप जॅस्मिन म्हणायचे. खरं ते चीनचं, आपला अनंत! गार्डनशी संबंध नसलेल्या झाडाला त्याचं नाव देणं लिनियसला प्रशस्त वाटत नव्हतं. पण एलिसने ऐकलं नाही आणि १७६१ मध्ये गार्डेनिया हे नाव छापून आलं. पुढे याच नावाखाली आपल्या सह्याद्रीतलीही झाडं आली. लहान मुलांना दात येताना पूर्वी घराघरांत ज्याचा डिंक वापरायचे, ती डिकेमाली गार्डेनियाच.

आणि दलदलीतलं ते झुडूप? ते १७७४ मध्ये लिनियसच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत छापलं गेलं, फॉदरगिला गार्डेनाय म्हणून. आडनाव फॉदरगिलचं, पाळण्यातलं नाव गार्डनचं. गार्डनचं नाव एका प्रजातीला आधीच लागलेलं, तेव्हा तेच पुन्हा दुसऱ्या प्रजातीला देता येत नाही. नियमाने हे बरोबरच आहे, डुप्लिकेट की चालत नाही. पण घरच्या झाडावर दुय्यम नाव आणि परक्या झाडावर मुख्य नाव, हा हिशेब मला अजून खटकतो. फॉदरगिलची बाजूही सांगायला हवी. तो नुसता गिऱ्हाईक नव्हता. १७७३ मध्ये बार्ट्रमच्या मुलाला, विल्यमला, दक्षिणेत फिरायला वर्षाला ५० पौंड त्यानेच दिले. विल्यम तोवर व्यापारात आणि शेतीत अपयशी ठरलेला होता. चित्रं मात्र अप्रतिम काढायचा. जवळजवळ चार वर्षं तो जॉर्जिया, फ्लोरिडा, कॅरोलिना पायी, घोड्यावर, होडीतून फिरला. जॉर्जियात अल्टामाहा नदीकाठी बापलेकांना १७६५ मध्ये दिसलेल्या एका झाडाचं बी त्याने या दौऱ्यात आणलं. ते झाड, फ्रँकलिनिया, रानात शेवटचं दिसलं १८०३ मध्ये. आज जगात जिथे कुठे ते आहे, ते बार्ट्रमच्या बागेतल्या वंशातलं. फॉदरगिलच्या त्या पन्नास पौंडांचा याहून चांगला उपयोग काय झाला असता?

विल्यम रानात असतानाच तिकडे राजकारण तापत होतं. १७७४च्या डिसेंबरात लंडनमध्ये तीन मित्र गुपचूप भेटत होते: फॉदरगिल, डेव्हिड बार्कली आणि बेंजामिन फ्रँकलिन. इंग्लंड आणि वसाहती यांच्यातलं भांडण मिटावं म्हणून फ्रँकलिनने सतरा मुद्द्यांचा एक मसुदा करून दिला. फॉदरगिलचे रोगी म्हणजे मंत्री आणि सरदार, तेव्हा नाडी बघता बघता तो त्यांच्या कानावर घालू शकत होता. काही झालं नाही. मार्च १७७५ मध्ये फ्रँकलिन निघून गेला, एप्रिलमध्ये लेक्झिंग्टनला गोळ्या सुटल्या. खोकी बंद, पत्रं बंद.

मग एकेक दिवा विझत गेला. एलिस १७७६ मध्ये गेला. जॉन बार्ट्रम सप्टेंबर १७७७ मध्ये गेला, इंग्रज फौज फिलाडेल्फियात शिरायच्या चार दिवस आधी. फौजा आपली बाग तुडवतील या धास्तीने त्याच्या शेवटच्या दिवसांत भर पडली, असं त्याच्या घरच्यांत सांगत असत. १७७८ च्या जानेवारीत लिनियस. १७८० च्या डिसेंबरात फॉदरगिल. अप्टनची झाडं लिलावात विकली गेली, काही त्याच्या शिष्याच्या, डॉ. लेटसमच्या बागेत पोचली. त्याने चित्रकारांकडून काढून घेतलेली फुलांची शेकडो चित्रं रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिनने विकत घेतली.

गार्डनचं सगळ्यात वाईट झालं. तो राजाच्या बाजूचा राहिला. युद्ध हरल्यावर त्याची मालमत्ता जप्त झाली, हद्दपारी झाली, आणि १७८२ च्या डिसेंबरात इंग्रज फौजेने चार्ल्सटन सोडलं तेव्हा त्यालाही तीस वर्षांचं घर सोडून जावं लागलं. मुलगा, त्याचंही नाव अलेक्झांडरच, विरुद्ध बाजूने वॉशिंग्टनच्या फौजेत लढला. बापाने त्याला कधी माफ केलं नाही. मुलाने आपल्या मुलीचं नाव गार्डेनिया ठेवलं, पण आजोबांनी त्या नातीला शेवटपर्यंत घरात घेतलं नाही, अशी गोष्ट सांगतात. १७९१ मध्ये गार्डन लंडनला क्षयाने वारला. त्याच वर्षी फिलाडेल्फियात विल्यम बार्ट्रमचं प्रवासवर्णन प्रसिद्ध झालं.

असो. माणसं गेली, झुडूप राहिलं. पण ते इंग्लंडात पुढे फार पसरलं असंही नाही. याचं कारण इतिहासात कमी आणि बियांत जास्त आहे. फॉदरगिलाचं फळ म्हणजे एक टणक बोंड. शरदात ते सुकून फुटतं आणि आतल्या दोन चकचकीत बिया जोराने लांब उडवतं. त्यामुळे बी गोळा करायचं तर बोंड फुटायच्या आत गाठावं लागतं. बरं, गोळा करून पेरलं तरी ते लगेच उगवत नाही. त्याला आधी काही महिने उबदार ओलावा लागतो, मग दोन-तीन महिने थंडी, तेव्हा कुठे कोंब येतो. एका वसंतात पेरलं तर बहुधा पुढच्या वसंतात, नाहीतर त्याच्याही पुढच्या. दोन कुलपं आणि दोन्ही ठरल्या क्रमानेच उघडायची. पहिल्या वसंतात काही दिसलं नाही म्हणून ज्या माळ्याने कुंडी उपडी केली, त्याने पाच गिनींतला काही भाग उकिरड्यावर टाकला.

विसाव्या शतकात फांदीपासून रोपं करण्याचं तंत्र बसलं आणि चित्र बदललं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या फांद्या कापून, मुळं आणणारी पावडर लावून, सतत तुषार मिळतील अशा जागी ठेवल्या तर मुळं छान येतात. मेख पुढे आहे. मुळं आली म्हणून लगेच उपटून दुसऱ्या कुंडीत लावलं, तर ते रोप हिवाळ्यात झोपी जातं आणि पुन्हा उठतच नाही. ते आहे त्या जागीच हिवाळा काढू द्यायचं, वसंतात नवी पालवी दिसली की मगच हलवायचं. चालू सिस्टीमला हात लावू नये हा नियम झाडांनाही लागू आहे :)

ज्यांच्याकडे थंडीचा हिवाळा आहे, म्हणजे न्यू जर्सी, राले, लंडन वगैरे मंडळी, त्यांनी हे जरूर लावावं. पुण्या-मुंबईत नाद करू नका. त्याला हिवाळ्याची खरी झोप लागते, ती आपण देऊ शकत नाही. माती आंबट हवी, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडून झाड रडतं. सावलीत जगतं, पण रंग हवा असेल तर निदान अर्धा दिवस ऊन पाहिजे. त्याचं कारणही सांगतो. शरदात पानातलं हरितद्रव्य मोडत जातं, तेव्हा आधीपासून आत असलेला पिवळा-नारिंगी रंग उघडा पडतो. तो सावलीतही दिसेल. लाल रंग मात्र आधीपासून नसतो, तो पान त्या दिवसांत साखरेपासून नव्याने बनवतं. त्यासाठी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारवा लागतो. म्हणून एकाच झुडपाची दक्षिणेकडची बाजू किरमिजी आणि भिंतीकडची बाजू नुसती पिवळी असं दिसतं. छाटणी जवळजवळ नाहीच. करायचीच तर फुलं संपल्याबरोबर, कारण पुढच्या वर्षीचे कळे उन्हाळ्यातच तयार होतात. हिवाळ्यात कात्री चालवली की पुढचा वसंत कापला.

रानात हे झुडूप नॉर्थ कॅरोलिनापासून फ्लोरिडा-अलाबामापर्यंतच्या किनारपट्टीत, पाइनच्या विरळ रानांत आणि पोकोसिन म्हणतात अशा दलदलींच्या कडेने उगवतं. उंची कमरेएवढीही नाही. या रानांत पूर्वी अधूनमधून वणवे लागायचे. मोठी झुडपं जळून जायची, आणि हे जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटायचं, मोकळ्या उन्हात. माणसाने दलदली उपसल्या, वणवे विझवायला सुरुवात केली, तशी उंच झुडपांची सावली वाढली आणि याची जागा आक्रसत गेली. डोंगराकडे, ॲपलाचियन रांगांत, याचा थोरला भाऊ राहतो, फॉदरगिला मेजर. दोन-तीन मीटर उंच, पानं मोठी, थंडीला जास्त काटक. रानात या दोघांची गाठ पडणं कठीणच.

पण बागेत पडली. नर्सरीवाल्यांनी दोघांना शेजारी शेजारी लावलं आणि मधमाश्यांनी आपलं काम केलं. सिनसिनाटीच्या माउंट एअरी वनस्पतिउद्यानात मायकेल डर या प्राध्यापकांना एक फॉदरगिला दिसलं, भरपूर फुलणारं, दरवर्षी भरवशाने रंगणारं. त्यांनी त्याच्या फांद्यांपासून रोपं केली, आणि 'माउंट एअरी' ही आज बाजारात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या वाणांपैकी एक. बरीच वर्षं ती कधी मेजर म्हणून विकली जायची, तर कधी गार्डेनाय म्हणून. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या टॉम रॅनी यांच्या गटाने २००७ मध्ये बाजारातल्या वाणांच्या पेशींतली गुणसूत्रं तपासली. गार्डेनायमध्ये गुणसूत्रांचे चार संच असतात, मेजरमध्ये सहा. 'माउंट एअरी'मध्ये निघाले पाच. तपासलेल्या वाणांपैकी बहुतेकांचं हेच. म्हणजे दोघांची मुलं. त्यांना रीतसर नवं नाव देण्यात आलं: फॉदरगिला इंटरमीडिया, मधलं.

त्यामुळे आता रालेच्या एखाद्या नर्सरीत जाऊन हे झुडूप विकत घेतलंत, तर कुंडीच्या चिठ्ठीवर फॉदरगिलचं नाव असतं, सिनसिनाटीच्या उद्यानाचं नाव असतं. गार्डनचं नाव बहुधा नसतं. ते हवं असेल तर देशी झाडं विकणारी छोटी नर्सरी शोधावी लागते, आणि तिथेही बुटकं, हळू वाढणारं, कमी फुलांचं तेच मूळ रोप मिळेल का, हे आधी फोन करून विचारलेलं बरं.